घरात कोणी नाही

मराठीत ‘वडीलधारा’ हा मोठा वजनदार शब्द आहे. तो कानावर पडताच डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशा येतात, जाड भिंगांचा चष्मा येतो आणि न विचारता सल्ला देण्याचा जन्मसिद्ध हक्कही त्यांच्या मागोमाग येतो. इंग्रजीतल्या ‘एल्डर’ या शब्दाचा अर्थ साधारण हाच. पण हाच शब्द एका लहानशा काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून, ती पट्टी छातीवर लावून जगभर हिंडणारी एक जमात आहे, आणि त्या वडीलधाऱ्यांचे वय असते अठरा, एकोणीस, वीस! मिशांचा तर प्रश्नच नाही. रोज सकाळी तुळतुळीत दाढी करून बाहेर पडायचे, असा त्यांना नियमच आहे.

या सदरात मी एरवी एखादा मराठी शब्द घेऊन बसतो आणि त्याची साल काढीत राहतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळी अंकात संपादक पाय पसरायला जागा देतात, म्हणून यंदा जरा लांबचा प्रवास करायचे ठरविले आहे. ‘एल्डर’ या इंग्रजी शब्दापासून निघायचे आणि एका जपानी शब्दापाशी पोचायचे. वाटेत शब्दांपेक्षा माणसेच जास्त भेटतील. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ही मुले असतात मॉर्मन पंथाची. जोसेफ स्मिथ नावाच्या एका अमेरिकन तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे मालगाडीएवढे लांब आहे. आम्हांला ‘मॉर्मन’ न म्हणता याच नावाने ओळखा, असे त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितले. त्यांचा मान राखूनही, या पानाची रुंदी लक्षात घेता, मी जुनेच सुटसुटीत नाव वापरणार आहे. पंथाचे मुख्य ठाणे युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी या शहरात आहे. दारू, तंबाखू, चहा, कॉफी हे चारही पदार्थ त्यांना वर्ज्य. यांतले पहिले दोन सोडणारे साधुपुरुष आपल्याकडेही भेटतात. पण चौघांनाही एकदम रजा देणारा माणूस पुण्यात किंवा मुंबईत सापडला, तर त्याचा जाहीर सत्कारच करावा लागेल.

या पंथातल्या मुलाने ऐन तारुण्यातली दोन वर्षे धर्मप्रचारासाठी द्यावीत, अशी अपेक्षा असते. पूर्वी वयाची अट एकोणीस होती. २०१२ साली ती अठरावर आली. मुलीही जातात, त्यांची मुदत अठरा महिन्यांची. मुलींना ‘सिस्टर’ म्हणतात, ते निदान वयाला शोभून दिसते. आजमितीला असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी जगभर पसरलेले आहेत. त्यांना पगार नाही. उलट घरच्यांनीच दरमहा पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ही रक्कम पूर्वी महिन्याला ४०० डॉलर होती, ती जुलै २०२० पासून ५०० झाली. मुलगा स्वस्ताईच्या देशात जावो की महागाईच्या, आकडा तोच. आणि जायचे कुठे, हे मुलाने ठरवायचे नाही. अर्ज करायचा आणि वाट पाहायची. पूर्वी घरी पाकीट येई, आता निरोप संगणकावर येतो. सारे कुटुंब भोवती गोळा होते आणि मुलगा वाचू लागतो. ब्राझील? फिनलंड? की शेजारचेच नेब्रास्का? आपल्याकडे दहावीच्या निकालाला घरात जो श्वास रोखलेला असतो, तोच तिथे या वाचनाला असतो.

एवढी माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल. मला ही मुले प्रत्यक्ष भेटली ती जपानात. माझा धाकटा भाऊ टोकियोत संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. निशि-कसाई नावाच्या ज्या भागात तो राहतो, तिथे आपले भारतीय लोक इतके आहेत की इडलीचे पीठ आणि तुरीची डाळ कोपऱ्यावर मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याकडे महिनाभर होतो. एके दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. दाराशेजारच्या लहानशा पडद्यावर दोन गोरी पोरे दिसली. पांढरे सदरे, काळ्या पँटी, खांद्यावर पिशव्या, डोक्यावर सायकलवाल्याचे शिरस्त्राण आणि चेहऱ्यावर घाम. भावजय म्हणाली, “दादा, ते धर्मवाले आहेत. उघडू नका, आपोआप जातील.”

मी उघडले. मराठीच्या प्राध्यापकाला परदेशात दुपारी कोणी बोलायला मिळणे किती कठीण असते, ते ज्याचे त्यालाच कळेल.

दार उघडताच दोघांनी कमरेत वाकून अस्खलित वाटणाऱ्या जपानीत काही सांगायला सुरुवात केली. समोर पायजमा घातलेला भारतीय गृहस्थ पाहून थोरला थबकला आणि इंग्रजीवर आला. मी म्हणालो, “धर्म बदलण्याचा माझा विचार नाही. पण ऊन फार आहे. बसा, पाणी प्या.” चहा विचारला, तर दोघांनीही नम्रपणे माना हलविल्या. शेवटी गावाहून आणलेल्या आगळाचे कोकम सरबत पुढे केले. कोकम हे फळ त्यांच्या निषिद्ध यादीत नाही, अशी खात्री करून घेऊन पोरांनी दोन-दोन पेले रिकामे केले. जपान्यांच्या घरी त्यांना भाजलेल्या सातूचा गार काढा मिळतो. ‘मुगिच्या’ म्हणतात त्याला. नाव चहाचे, पण आत चहाचे पान नाही. त्यामुळे यजमानाचाही मान राहतो आणि पंथाचाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी शोधून काढणारे आपले पूर्वज मला त्या क्षणी आठवले.

थोरला एल्डर वीस वर्षांचा होता. घर युटात. येऊन वीस महिने झालेले. धाकटा एकोणिसाचा. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याला येऊन चारच महिने झालेले. जपानी भाषेत ‘एल्डर’ला ‘चोरो’ म्हणतात, हे त्यांनीच सांगितले. दोन्ही अक्षरे दीर्घ उच्चारायची. मी म्हणालो, “आमच्याकडे हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने घेतील. सांभाळून या!”

त्या दिवशी तास-दीड तास, आणि नंतर आणखी दोनदा, आमच्या गप्पा झाल्या. धर्म मी त्यांच्याकडून घेतला नाही, त्यांचा दिवस मात्र मागून घेतला.

सकाळी साडेसहाला उठायचे. थोडा व्यायाम, स्नान, न्याहारी. मग धर्मग्रंथाचे वाचन, आधी एकट्याने, नंतर दोघांनी मिळून. त्यानंतर भाषेचा अभ्यास. मग बाहेर. कोणाला भेटीची वेळ दिली असेल तर तिकडे, नसेल तर रस्त्यावर, स्टेशनाबाहेर, दारोदार. हल्ली फोनवरूनही माणसे गाठतात, पण पायांची सुटका नाही. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परत. उद्याची आखणी, रोजनिशी आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळापत्रकात थोडी ढील दिली आहे, तरी सांगाडा हाच. चित्रपट नाही, दूरदर्शन नाही, मुलींबरोबर हिंडणे तर दूरच. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार आणायचा, केस कापायचे, घरी पत्र लिहायचे. घरी फोन करण्याची परवानगी पूर्वी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला एकदा बोलता येते. धाकटा म्हणाला, “माझ्या मोठ्या भावाच्या वेळी आई वर्षातून दोनदा रडायची. आता दर सोमवारी रडते.”

जपानीचे प्राथमिक शिक्षण युटातल्या प्रोव्हो गावच्या केंद्रात दोनेक महिन्यांत उरकतात. पूर्वी धर्माचे सहा पाठ शब्दन्‌शब्द तोंडपाठ करावे लागत. २००४ साली नवे पुस्तक आले आणि आपल्या शब्दांत बोलण्याची मुभा मिळाली. पाठांतर सोपे की स्वतःच्या शब्दांत बोलणे सोपे, असे मी मुद्दाम विचारले. थोरला म्हणाला, “सर, पाठ केलेले विसरले तर आठवता तरी येते. स्वतःचे वाक्य अडले की तिथे काहीच नसते.” हे वाक्य मी माझ्या वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

या साऱ्या नियमांत मला सर्वांत कडक वाटला तो जोडीदाराचा. ही मुले कधीही एकटी नसतात. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. एकाच खोलीत झोपायचे, एकत्र जेवायचे, एकत्र प्रार्थना करायची. अपवाद काय तो न्हाणीघराचा. आणि हा जोडीदार निवडतात त्या प्रांताचे प्रमुख. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. आपल्याकडे लग्न ठरविताना निदान पत्रिका तरी पाहतात. इथे पत्रिका नाही, पसंती नाही, आणि घोरणाऱ्या माणसाशी सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ संसार! जपानीत या जोडीदाराला ‘दोऱ्यो’ म्हणतात, म्हणजे सहकारी. मला ते नाव आवडले. त्यात मैत्रीचा आग्रह नाही.

आता या सदराच्या मूळ विषयाकडे येतो. दिवसभर दारोदार फिरून या मुलांना मिळते काय? मिळतो तो नकार. आणि जपानी भाषेत नकाराची जी श्रीमंती आहे, ती ऐकून मराठीच्या प्राध्यापकानेही शरमावे. सरळ ‘नाही’ म्हणणे तिथे असभ्य. म्हणून कोणी म्हणते, ‘केक्को देस्’. शब्दशः अर्थ ‘फार छान आहे’, व्यवहारातला अर्थ ‘नको’. धाकट्या एल्डरने पहिल्या आठवड्यात एका आजीबाईंचे हे शब्द ऐकले आणि आनंदाने पिशवीतून पुस्तक काढले, तेव्हा थोरल्याने त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेले. कोणी म्हणते, ‘मानिआत्ते इमास्’, म्हणजे आमचे आहे त्यात भागते आहे. हे खरे तर दारावरच्या विक्रेत्याला सांगायचे वाक्य, पण परमेश्वरालाही चालते. कोणी नुसते ‘चोत्तो’ म्हणते, म्हणजे ‘जरा’, आणि पुढचे वाक्य हवेत सोडून देते. ‘जरा’ काय, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे.

मी त्यांना आमचे मराठी नकार सांगितले. ‘मालक घरी नाहीत’, ‘बघू, कळवतो’, ‘आत्ता हात खरकटे आहेत’, ‘पुढच्या घरी जा, बाबा’. आणि आश्विन महिन्यात सर्व कामांना, सर्व वर्गण्यांना आणि सर्व आश्वासनांना लागू पडणारे रामबाण वाक्य, ‘दिवाळीनंतर बघू’. पोरे खूप हसली. थोरल्याने वहीत लिहूनही घेतले.

मग मी विचारले, “या साऱ्यांत सर्वांत वाईट कोणता?”

मला वाटले, तोंडावर दार आपटणारा सांगेल. तो म्हणाला, “नाही सर. दार आपटणारा निदान दारापर्यंत येतो. सर्वांत वाईट इरुसु.”

‘इरुसु’ हाच तो जपानी शब्द, ज्याच्यासाठी मी वाचकांना एवढे चालविले. ‘इ’ म्हणजे असणे आणि ‘रुसु’ म्हणजे घरी नसणे. दोन्ही मिळून ‘असून नसणे’. घंटा वाजली की आतला रेडिओ बंद होतो, पावले थांबतात, पडद्यामागे सावली हलते आणि घर श्वास रोखून उभे राहते. बाहेरच्याला कळते की आत माणूस आहे. आतल्याला कळते की बाहेरच्याला कळले आहे. तरी दोघेही काही बोलत नाहीत. ही गोष्ट आपण सारेच करतो. वर्गणीवाले आले, विमेवाला आला, न आवडणारा नातेवाईक आला, की मराठी घरेही अशीच गप्प होतात. फरक इतकाच की जपान्यांनी तिला नाव दिले आणि आपण दिले नाही.

तसे पाहिले तर या पंथाच्या साऱ्या प्रचाराचा इतिहास नकारांचाच आहे. त्यांचा पहिला प्रचारक म्हणजे संस्थापकाचा धाकटा भाऊ सॅम्युएल. १८३० च्या उन्हाळ्यात तो नवीन छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रती घेऊन पायी निघाला. त्याच्या आईने लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे की पहिल्या दिवशी त्याला दारोदार नकार मिळाला, खानावळवाल्याने बाहेर काढले आणि रात्र झाडाखाली काढावी लागली. पुढे त्याने खपविलेली एक प्रत यंग नावाच्या कुटुंबात वाचली गेली. त्या कुटुंबातला ब्रिगॅम यंग या पंथाचा दुसरा अध्यक्ष झाला आणि सारा समाज घेऊन १८४७ साली युटात आला. झाडाखाली झोपलेल्या सॅम्युएलला त्या रात्री यातले काय ठाऊक असणार?

जपानातली कथा आणखी विलक्षण आहे. १२ ऑगस्ट १९०१ रोजी चार मॉर्मन प्रचारक योकोहामा बंदरात उतरले. प्रमुख होते हीबर ग्रँट. सर्वांत लहान होता अल्मा टेलर, वय एकोणीस. भाषेचे अक्षर येत नव्हते. ग्रँट दोन वर्षांनी परतले, ते जवळजवळ रित्या हातांनी. टेलर मात्र राहिला. ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर करण्याचे काम त्याच्यावर आले. कोणत्या जपानीत करायचे, बोलीत की ग्रांथिक भाषेत, हा पेच त्यालाही पडला. आपल्याकडच्या भाषांतरकारांची झोप ज्याने उडविली तोच हा पेच. शेवटी ग्रांथिक भाषा जिंकली. १९०९ साली पुस्तक छापून निघाले आणि १९१० साली टेलर घरी परतला. एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी आला! बोलीभाषेच्या अंगाने जाणारे नवे भाषांतर पुढे १९५७ साली सातो तात्सुइ या जपानी गृहस्थांनी केले. म्हणजे त्या वादाचा निकाल तिथेही आपल्यासारखाच लागला.

आणि फलित? १९०१ ते १९२४ या तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले जपानी दोनशेसुद्धा भरले नाहीत. १९२४ साली ठाणे बंद करण्यात आले. बंद करण्याचा निर्णय कोणाचा? हीबर ग्रँट यांचाच. ते तोवर पंथाचे अध्यक्ष झाले होते. ज्या हाताने दार उघडले, त्याच हाताला ते लावून घ्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, ते पुन्हा उघडले.

आपल्या मुलखाचाही या कथेशी थोडा संबंध आहे. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत आला आणि पुढे पुण्याला गेला. दोन्हीकडे विरोध झाला, इतर ख्रिस्ती मिशनऱ्यांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचाही. मूठभर माणसांची एक शाखा त्याने पुण्यात उभी केली. ‘हिंदुस्थानातील मराठ्यांना’ उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिका १८५५ साली मुंबईत निघाली. त्याच वर्षी तो गेला, आणि मागे फारसे काही उरले नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ उरले, विल्यम केरीचे १८०५ सालचे मराठी व्याकरण उरले. त्यांनी आपल्या लोकांना किती बदलले याबद्दल वाद घालता येईल, पण आपल्या भाषेने त्यांना किती कामाला लावले याबद्दल वाद नाही. फिंडलेच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्याला पुणेकर ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले असतील काय?

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझा देव अपुरा आहे’ असे सांगणे मला पटत नाही. मी त्या मुलांनाही तसे सांगितले. ती रागावली नाहीत. धाकटा म्हणाला, “तुम्ही आत बसवून सांगितलेत.” जपानात ही मुले फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवितात. थोरल्याच्या वर्गाला एक आजीबाई वर्षभर न चुकता येत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकले होते, “मी देऊळ सोडणार नाही. पण माझी नात कॅनडात आहे, तिच्या नवऱ्याशी मला बोलायचे आहे.” वीस महिन्यांत थोरल्याच्या हातून दोन माणसांनी बाप्तिस्मा घेतला. आजीबाई त्यांत नाहीत. पण इथले सर्वांत चांगले काम कोणते, असे विचारल्यावर त्याने त्या आजीबाईंच्या दूरध्वनीची गोष्ट सांगितली. जावयाशी त्या इंग्रजीत चार मिनिटे बोलल्या. पंथाच्या हिशेबात ही चार मिनिटे कोणत्या रकान्यात धरतात, मला ठाऊक नाही.

तिसऱ्या भेटीत थोरला जरा गप्प होता. धाकटा सांगू की नको अशा नजरेने त्याच्याकडे पाहत होता. शेवटी थोरलाच बोलला. धाकट्याच्या आधी त्याचा जो जोडीदार होता, तो आठव्या महिन्यात घरी परत गेला होता. त्याला रात्री झोप येईना, दिवसा दारापुढे उभे राहिले की हात कापत, एके दिवशी तर घंटेवर ठेवलेले बोट त्याला दाबताच येईना. डॉक्टरांनी परत जायला सांगितले. प्रमुखांनी प्रेमाने पाठविले. प्रश्न सुरू झाला तो त्याच्या गावात. जाताना सगळ्या गावाने निरोप दिला होता. येताना विमानतळावर फक्त आई-बाप होते. या पंथात मुदत पूर्ण करून येणाऱ्या मुलाचे कौतुक होते, आणि मुदतीआधी येणाऱ्याचे काय करायचे ते लोकांना सुचत नाही. अलीकडे पंथाचे पुढारी अशा मुलांना जपा असे सांगतात, घरी राहून सेवा करण्याचा मार्गही आहे. पण गाव ते गाव! त्याला कोणी वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. दुकानात ओळखीचे लोक दुसऱ्या ओळीत वळत. मित्रांच्या आया ‘ये रे कधी घरी’ म्हणत, पण कधी ते सांगत नसत.

त्याने थोरल्याला पत्रात लिहिले होते, “तिकडे अनोळखी लोक इरुसु करायचे. इथे ओळखीचे करतात.”

थोरला दर सोमवारी त्याला पत्र लिहितो. घरी लिहायच्या आधी. मी विचारले, “काय लिहितोस?” तो म्हणाला, “काही खास नाही. आज किती दारे झाली, कोण काय म्हणाले, जेवायला काय केले. त्याला वाटले पाहिजे की कोणीतरी दाराशी आले आहे.”

हे बोलणारा मुलगा वीस वर्षांचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा ‘एल्डर’ हा शब्द मला विनोदी वाटला नाही.

परत आल्यावर कॉलेज सुरू झाले. माझ्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांची साठ मुले-मुली बसतात. त्यांच्यासाठी नकारांची कमी नाही. प्रवेश-परीक्षा ‘नाही’ म्हणते, कंपन्या ‘नाही’ म्हणतात, मुलीचे किंवा मुलाचे घर ‘नाही’ म्हणते. जुन्या काळी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. त्या जगण्याचे गोडवे गाणारे बहुधा ती मागितलेली नसतात. मी तो काळ परत बोलावीत नाही. पण नकार ऐकून मुले मोडत नाहीत, हे आमच्या पेशात रोज दिसते. नापास झालेला मुलगा ऑक्टोबरात पुन्हा परीक्षेला बसतो. मोडतो तो निराळाच. परीक्षा अर्धवट सोडून गावी गेलेला, नोकरी सोडून शहरातून परत आलेला, परदेशातून पदवी न घेता उतरलेला. त्याच्या घरी जायला आपल्याला संकोच वाटतो. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून आपण जात नाही. त्याला दुखवू नये हा हेतू असतो, आणि गल्लीतले एकेक घर गप्प होत जाते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी सहामाहीनंतर येईनाशी झाली. चौकशी केली तर कळले, तब्येत बरी नाही. कसली तब्येत, हे कोणी सांगेना. वर्गमैत्रिणी म्हणाल्या, “सर, तिला बरे वाटले की ती येईलच. उगाच त्रास कशाला?” जपानाहून आल्यावर मी त्यांतल्या दोघींना तिच्या घरी पाठविले. सोबत वर्गातल्या टिपणांची वही दिली. पहिल्या खेपेला तिने दार उघडले नाही. दुसऱ्या खेपेला तिच्या आईने उघडले. तिसऱ्या खेपेला ती स्वतः दारात आली आणि म्हणाली, “मला कोणाशी बोलायचे नाही. तुम्ही जा.” दोघी हिरमुसल्या होऊन मला सांगायला आल्या. मी त्यांना म्हणालो, “अगं, बोलली ना! पुढच्या सोमवारी पुन्हा जा.”

त्या अजून जातात. मुलगी कॉलेजात परत आलेली नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी तिने ती वही मागून घेतली, आणि कवितेवरच्या माझ्या एका टिपणात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे, असा निरोप पाठविला. निरोप बरोबर आहे की नाही हे मी अद्याप तपासले नाही. तो आला, याचाच आनंद पुरेसा आहे.

दिवाळीत आपण सगळ्यांकडे फराळाची ताटे पाठवितो. ज्यांच्याकडून ताट परत येणार आहे, त्यांच्याकडे तर नक्कीच पाठवितो. यंदा एखादे ताट अशा घरी न्यावे, जिथे गेल्या वर्षभरात आपण जायचे टाळले आहे. कदाचित आतून रेडिओ बंद होईल, पावले थांबतील. कदाचित ‘दिवाळीनंतर बघू’ असे उत्तर येईल. येऊ द्यावे. ताट उंबऱ्यावर ठेवावे, आपले नाव मोठ्याने सांगावे, आणि दिवाळीनंतर खरेच पुन्हा जावे.